उष्णतेची साक्ष किती धरावी?

लोखंडी तार एकाच ठिकाणी भराभर मागे-पुढे वाकवली की तुटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुटण्याच्या जरा आधी त्या जागी बोट लावून पाहिलं तर ती चांगलीच गरम लागते, हेही बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. धातूचा थकवा आणि उष्णता यांचा संबंध इतका उघड आहे. अडचण पुढे येते. तारेऐवजी विमानाच्या इंजिनातलं पातं असेल, त्याचं वाकणं डोळ्यांना दिसतही नसेल आणि तापमानातला फरक अंशाच्या हजाराव्या हिश्श्यात मोजावा लागत असेल, तर त्या उष्णतेवरून पातं टिकेल की नाही हे सांगता येतं का?

जाणकारांकडे या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि मला दोन्ही मोलाची वाटतात. म्हणून ती दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. मावशीची सगळी नोकरी धातूंच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. थर्मल कॅमेऱ्यावर तिचा भरवसा आहे. तिचा भाचा मंदार इंजिनाच्या सुट्या भागांच्या तपासणी विभागात आहे. भाग पुन्हा वापरायला योग्य असल्याच्या कागदावर त्याची सही लागते. माणसं कल्पित आहेत, मुद्दे नाहीत.

मंदार : मावशी, तुझा कॅमेरा तापमान मोजतो, थकवा मोजत नाही. माझी सगळी शंका इथूनच सुरू होते.

मावशी : अरे, तो तापमानही थेट मोजत नाही. पृष्ठभागावरून येणारे अवरक्त किरण मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. म्हणून तर नमुन्याला आधी मॅट काळा रंग मारावा लागतो. पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम स्वतः फारच थोडे किरण सोडतं, समोरच्या वस्तूंचे मात्र परत पाठवतं. रंग न मारता कॅमेरा लावलास तर पडद्यावर तुझाच चेहरा उमटेल.

मंदार : म्हणजे माझ्याच म्हणण्याला तू जोर देते आहेस.

मावशी : देते, कारण ते खरं आहे. पण चाचणी कशी करतात ते आधी पाहा, मग काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते ठरव. मधे कंबर बारीक केलेली पट्टी घ्यायची आणि यंत्राच्या वरच्या-खालच्या जबड्यांत घट्ट पकडायची. शेजारी त्याच धातूचा, तसाच काळा रंगवलेला एक तुकडा नुसता टांगायचा. त्याच्यावर ताण नसतो. खोलीचं तापमान वर-खाली झालं तर ते वजा करण्यापुरता तो. भोवती काळं कापड लावायचं, एसीचा झोत दुसरीकडे वळवायचा. मग सेकंदाला तीस वेळा ओढ-सोड सुरू करायची. पहिल्या काही मिनिटांत पडद्यावर सगळ्यात ठळक काय दिसतं, सांग.

मंदार : पट्टीची कंबर?

मावशी : नाही, खालचा जबडा. हायड्रॉलिक तेल तापलेलं असतं, त्याची ऊब खालून पट्टीत चढते. नवीन मुलं तीच थकव्याची खूण समजतात. ती ऊब ओळखून हिशेबातून काढता आली की मग खरं काम सुरू होतं. पट्टीत दोन प्रकारची उष्णता असते. एक येते आणि जाते. धातू ताणला की किंचित थंड होतो, दाबला की किंचित गरम होतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५० च्या दशकात याचं गणित मांडलं. पोलादातला ताण एका मेगापास्कलने बदलला तर तापमान साधारण अंशाच्या एक हजारांशाने बदलतं. ॲल्युमिनियममध्ये त्याच्या अडीच पटींच्या आसपास. दुसरी उष्णता साचत जाते. स्फटिकांच्या आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, त्या घर्षणातली ती. युइंग आणि हम्फ्री यांनी १९०३ मध्येच स्वीडिश लोखंडावर, ताणाची चक्रं वाढत गेली तशा या सरकण्याच्या रेषा दाट होत गेलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. भेग त्यांच्यातूनच फुटली. मी जे पाहते ते त्याच सरकण्याचं तापमान आहे, धातू अखंड असताना पाहिलेलं.

मंदार : पण अंशाचा हजारावा हिस्सा? कॅमेऱ्याची स्वतःची गडबडच त्याच्या वीस-पंचवीस पट असते.

मावशी : एका चित्रात असते. म्हणून मी एक चित्र घेत नाही, हजारो घेते, आणि यंत्राच्या ओढ-सोडीच्या तालाशी जुळवून त्यांची सरासरी काढते. तालाबाहेरचं जे असतं ते आपोआप गळतं. येणारी-जाणारी उष्णता अशीच पकडतात.

*

या चाचणीमागची निकड समजल्याशिवाय मावशीचा आग्रह समजणार नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. चांगल्या लोखंडाचा आस सहज पेलेल अशा भाराखाली का तुटावा, याचा शोध त्यानंतर जोरात सुरू झाला. पुढे जर्मन रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून, तोडून पाहिले. एका फटक्यात तोडायला लागणारं बळ कितीही मोठं असलं तरी त्यापेक्षा कितीतरी कमी ताण लाखो वेळा आला की धातू तुटतो, आणि पोलादाच्या बाबतीत ताणाची अशी एक मर्यादा असते की तिच्याखाली तो तुटत नाही, हे त्यांनी दाखवलं. आजही ही मर्यादा त्याच पद्धतीने काढतात: नमुना लावा, एक कोटी चक्रं होईपर्यंत थांबा, तुटला तर ताण कमी करा, टिकला तर वाढवा. सेकंदाला तीस चक्रं धरली तर न तुटणारा एक नमुना यंत्र जवळजवळ चार दिवस अडवून ठेवतो. असे पंधरा-वीस तरी नमुने लागतात. मिश्रधातूत थोडा बदल केला, उष्णतेची प्रक्रिया बदलली, वेल्डिंगची तार बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लहान कारखान्याला हे परवडत नाही, आणि परवडत नाही म्हणून ते होतच नाही. थर्मल कॅमेऱ्याच्या बाजूने एवढा एक मुद्दा असता तरी मी त्याचं स्वागत केलं असतं.

*

मावशी : आता माझी पद्धत. ताण कमी ठेवून सुरुवात करायची. दहा हजार चक्रं द्यायची, पाच-सहा मिनिटं लागतात. पट्टी थोडी तापते आणि एका पातळीवर स्थिरावते. ती पातळी लिहून घ्यायची. ताण एक पायरी वाढवायचा, पुन्हा तेच. खालच्या पायऱ्यांवर तापमान जेमतेम वाढतं. मग एका ताणापासून पुढे ते भराभर वाढायला लागतं. आलेखात गुडघा दिसतो. तो गुडघा जिथे, तिथे थकव्याची मर्यादा. एक नमुना, एक दुपार. ही कल्पना काही काल-परवाची नाही. स्ट्रोमायर यांनी १९१४ मध्ये नमुन्याची उष्णता मोजून हीच मर्यादा काढायचा प्रयत्न केला होता, तेव्हा असा कॅमेराच नव्हता. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये लुओंग यांनी आणि २००० च्या सुमाराला सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठात ला रोझा आणि रिझितानो यांनी कॅमेऱ्याने ती पुन्हा उभी केली. बऱ्याच पोलादांत कॅमेऱ्याचा आकडा आणि जुन्या पद्धतीचा आकडा जवळजवळ येतात.

मंदार : बऱ्याच. सगळ्या नाही. आणि कारणही उघड आहे. एकच नमुना तू पायरी-पायरीने चढवत नेतेस. वरच्या पायरीवर पोचेपर्यंत तो मूळचा नमुना राहिलेला असतो का? कॉमेट ही ब्रिटिश प्रवासी जेट विमानं आठव. १० जानेवारी १९५४ ला पहिलं विमान एल्बाजवळ समुद्रात कोसळलं, ८ एप्रिलला दुसरं नेपल्सच्या दक्षिणेला. विमान बनवणाऱ्या कंपनीने आधी चाचणी केली नव्हती असं नाही. सांगाड्याच्या एका भागात हवेचा दाब सुमारे सोळा हजार वेळा भरून-सोडून पाहिला होता, तेव्हा कुठे तो फाटला होता. प्रत्यक्षात पहिलं विमान १,२९० उड्डाणांनंतर फाटलं आणि दुसरं ९०० नंतर. फार्नबरोच्या पाण्याच्या टाकीत अख्खं विमान ठेवून चाचणी केली, तेव्हा तेही तीन हजारांच्या आसपास फाटलं. मग तो पहिला तुकडा सोळा हजारांपर्यंत टिकला कसा? त्याच तुकड्यावर आधी दुप्पट दाबाची वेगळी चाचणी झाली होती. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू थोडा ओढला गेला, दाब सोडल्यावर तिथे दाबणारा ताण शिल्लक राहिला, आणि नंतरच्या थकव्यापासून त्यानेच कोपऱ्यांना वाचवलं. चाचणीच्या तुकड्याचा इतिहास विमानांच्या वाट्याला आलेला नव्हता.

मावशी : पायऱ्या चढवताना काही पोलादं कणखर होतात, हे खरं आहे. आमच्यात त्याला कोक्सिंग म्हणतात. त्यामुळे मर्यादा आहे त्यापेक्षा वर दिसते.

मंदार : आणि वर दिसणं म्हणजे धोक्याच्या बाजूला चुकणं.

मावशी : हो. म्हणून कॅमेऱ्याने काढलेला आकडा मी अहवालात एकटा कधी सोडला नाही. त्या आकड्याच्या खाली-वर तीन-चार कोरे नमुने पूर्ण एक कोटी चक्रं चालवायचे. पंधरा-वीसऐवजी चार. कुठे शोधायचं ते कॅमेरा सांगतो, खात्री तोडूनच करायची.

मंदार : असं सगळे करत असते तर मी तुझ्याशी वाद घातला नसता. पण माझा मोठा आक्षेप याच्याही मुळाशी आहे. जी. आय. टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये धातूला पिळून, दाबून मोजलं, तर त्यात घातलेल्या कामापैकी सुमारे नव्वद टक्के उष्णता होऊन बाहेर पडतं. उरलेलं धातूच्या आत अडकून राहतं. धातूची अंतर्रचना बिघडते ती या उरलेल्या हिश्श्याने. तुझ्या कॅमेऱ्याला फक्त बाहेर पडलेला हिस्सा दिसतो. जो आत राहून धातू खातो, त्याच्याबद्दल तू अंदाज बांधतेस.

मावशी : अंदाज खरा, पण आधार असलेला. सरकणं वाढलं की दोन्ही हिस्से वाढतात.

मंदार : एकाच प्रमाणात वाढतात का? मर्यादेच्या कितीतरी खालीही धातूत थोडी अंतर्गत घर्षणाची उष्णता निघतेच आणि तिने काही बिघडत नाही. काही मिश्रधातूंत ती बरीच निघते. मग तिथे गुडघा दिसला तरी तो नुकसानीचा गुडघा आहे असं कशावरून म्हणायचं? ॲल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंना तर पोलादासारखी स्पष्ट मर्यादाच नसते. चक्रं वाढवत जा, सहन होणारा ताण कमीच होत जातो. त्यांच्या आलेखावर गुडघा शोधून तू नेमकं काय शोधतेस?

मावशी : ॲल्युमिनियमच्या बाबतीत मी तुझ्याशी भांडणार नाही. त्यात उष्णताही इतक्या पटकन पसरते की ठिपका टिकत नाही. तिथे कॅमेऱ्यावरून मर्यादा जाहीर करणाऱ्याला मीही थांबवते.

मंदार : आणि पोलादातही, चक्रं कोटीच्या पुढे शंभर कोटींकडे गेली की भेग बऱ्याचदा पृष्ठभागावरून निघतच नाही. आतल्या एखाद्या अशुद्धीच्या कणाभोवती निघते. मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा तो कण. त्याच्याभोवतीची ऊब पृष्ठभागावर येईपर्यंत तिचं काय उरणार? एका नमुन्यात असा कण नसेल, दुसऱ्यात असेल. मला सरासरी नमुना किती टिकेल हे नको आहे. सर्वात कमकुवत नमुना किती टिकेल ते हवं आहे. आणि ते एका दुपारी, एका पट्टीवरून कुणीही सांगू शकत नाही.

*

इथपर्यंत मंदारचं पारडं जड आहे. थकव्याच्या आयुष्याचा आकडा कॅमेऱ्यावरून काढणं ही आजही मदतीची पद्धत आहे, निकालाची नाही. एका नमुन्याच्या आलेखावरून डिझाइनचा आकडा छापणारे अहवाल पाहिले की मला काळजी वाटते, कारण त्यातली चूक कळते तेव्हा भाग रस्त्यावर किंवा आकाशात गेलेला असतो. पण मावशीने यापुढे जे सांगितलं ते या चर्चेत फार कमी वेळा सांगितलं जातं.

*

मावशी : तू मला सारखं ‘किती’ विचारतो आहेस. मी कॅमेऱ्याला आधी ‘कुठे’ विचारते. गाडीच्या चॅसीवरचा एक ब्रॅकेट आमच्याकडे आला होता. डिझाइनवाल्यांनी मोठ्या भोकाच्या कडेला स्ट्रेन गेज चिकटवून पाठवले होते. संगणकाच्या हिशेबात ताण तिथे सर्वात जास्त होता. आम्ही ब्रॅकेट काळा रंगवला, यंत्रावर चढवला, आणि अर्ध्या तासात पडद्यावर ठिपका दिसला तो भोकाशी नव्हताच. वेल्डिंगचा टाका जिथे संपतो, त्या शेवटच्या टोकाला होता. अगदी तांदळाच्या दाण्याएवढा. बाकी सगळा ब्रॅकेट गार. टाका संपवताना वेल्डरने हात पटकन उचलला होता, तिथे खळगा राहिला होता. संध्याकाळी तडा गेला तो त्याच टोकातून. स्ट्रेन गेज जिथे चिकटवतोस तेवढ्याच जागेचं सांगतो. कॅमेरा सगळा भाग एकाच वेळी पाहतो. न विचारलेल्या जागेचंही सांगतो.

मंदार : हे मी मान्य करतो. पण मग ‘कुठे’चाच हिशेब करू. १३ फेब्रुवारी २०१८, सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जाणारं युनायटेडचं बोइंग ७७७. प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू ४००० मालिकेतलं इंजिन, पुढच्या पंख्याला बावीस पाती, टायटॅनियमच्या मिश्रधातूची, आतून पोकळ. खाली पॅसिफिक, होनोलुलू अजून गाठायचं होतं, आणि एक पातं मुळाशी तुटलं. इंजिनाच्या पुढचं आवरण फाटून गेलं. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं, कुणाला इजा झाली नाही. भेग पात्याच्या आतल्या बाजूने निघाली होती. बाहेरून ती कुणालाच दिसली नसती. आणि अशाच भेगा शोधण्यासाठी प्रॅट अँड व्हिटनीने २००५ च्या सुमाराला तुझंच तंत्र विकसित केलं होतं.

मावशी : माहीत आहे. आमच्या प्रयोगशाळेत ओढ-सोड असते, तिथे ध्वनिलहरी. पात्याला उच्च कंपनसंख्येची कंपनं द्यायची. धातू अखंड असेल तर काही होत नाही. भेग असेल तर तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, तापतात, आणि बाहेरच्या कॅमेऱ्याला त्या जागी उजळ ठिपका दिसतो. टायटॅनियममधून उष्णता फार हळू पसरते, म्हणून ठिपका जागच्या जागी राहतो. या कामाला याहून बरा धातू नाही.

मंदार : ते पातं २०१० मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये याच तंत्राने तपासलं होतं. दोन्ही वेळा ते पास झालं.

मावशी : आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याने खूण दाखवली होती! जिथून पुढे पातं तुटलं, बरोब्बर त्या जागी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, जुनी चित्रं काढून पाहिली तेव्हा खूण तिथेच होती. तपासणाऱ्याने ती रंगातला दोष धरली. तू कॅमेऱ्याला कशाबद्दल दोष देतोस? आठ वर्षं आधी त्याने जागा सांगितली होती.

मंदार : मी कॅमेऱ्याला दोष देत नाही. त्या टेबलाशी मी स्वतःला बसलेला पाहतो. रंगाचा पापुद्रा सुटला असेल तर तोही थरथरतो, घासतो, तापतो. पडद्यावर दोन्ही ठिपकेच. दिवसभर पाती येत असतात आणि बहुतेक ठिपके खरोखरच रंगाचे असतात. रंगाचा ठिपका कसा दिसतो, भेगेचा कसा, हे शिकवायला कुणी तरी हवं ना? एनटीएसबीने कारण काय दिलं ते वाच. कंपनीने हे तंत्र दहा वर्षांहून जास्त काळ ‘नवीन, विकसित होत असलेलं’ याच सदरात ठेवलं. त्या सदरात असेपर्यंत तपासनिसांना ठरलेलं प्रशिक्षण, उजळणी, प्रमाणपत्र यांची सक्ती नव्हती. दुसऱ्या पद्धतींनी भेगा शोधणाऱ्यांना परीक्षा द्यावी लागते, ठरावीक तास अनुभव लागतो, नजर तपासून घ्यावी लागते. इथे तंत्र सर्वात अवघड आणि तयारी सर्वात कमी.

मावशी : हे मला लागतं, मंदार. कारण आम्ही प्रयोगशाळावाल्यांनीच ‘चित्र आपलं आपण बोलतं’ असं वर्षानुवर्षं सांगितलं. रंगीत चित्र पाहून पाहुणे खूश होतात. चित्राचे रंग मात्र मी निवडलेले असतात. तापमानाची पट्टी अर्ध्या अंशाची ठेवली तर लाल डाग दिसतो, पाच अंशांची ठेवली तर तोच डाग नाहीसा होतो. जे सही करतात त्यांच्यापर्यंत हे आम्ही पोचवायला हवं होतं.

मंदार : आणि तीन वर्षांनी काय झालं? २० फेब्रुवारी २०२१. डेन्व्हरहून निघालेलं विमान, त्याच प्रकारचं इंजिन, पुन्हा होनोलुलूकडे. उड्डाणानंतर काही मिनिटांत पातं तुटलं, इंजिनाची आवरणं ब्रूमफील्डच्या घरांच्या अंगणांत पडली. दोनशेहून जास्त माणसं विमानात, सगळी वाचली. हे पातं २०१४ आणि २०१६ मध्ये तपासलं होतं. २०१८ च्या घटनेनंतर त्याची २०१६ ची चित्रं पुन्हा काढून पाहिली होती, तेव्हाही ते ठेवलंच. शेवटच्या तपासणीनंतर ते २,९७९ फेऱ्या उडालं. त्या वेळी पहिल्या अपघातानंतरच्या आदेशात तपासणीची मर्यादा होती ६,५०० फेऱ्यांची. म्हणजे निम्म्याहून कमी अंतरात ते तुटलं. एनटीएसबीने शेवटी दोन गोष्टी नोंदवल्या: मंद खुणा तपासणीत ओळखल्या गेल्या नाहीत, आणि दोन तपासण्यांमधलं अंतर फार मोठं होतं.

मावशी : दुसरी गोष्ट तुझी आहे. अंतर किती ठेवायचं, भेग किती वेगाने वाढेल, हे कॅमेरा सांगत नाही. तो आजचं सांगतो.

मंदार : आणि पहिली गोष्ट तुझी. मंद खूण चित्रात होती.

मावशी : मग एक मान्य कर. खूण दिसली आणि ती कशाची ते कळलं नाही, तर पातं बाजूला ठेवायचं. रंग काढायचा, नव्याने मारायचा, पुन्हा पाहायचं. ठिपका जागा सोडून गेला तर रंग होता. तिथेच राहिला तर पातं परत इंजिनात जाणार नाही.

मंदार : मान्य. पण तो नियम कागदावर हवा, माझ्या मर्जीवर नको. पातं अडवलं की विमान अडतं आणि फोन मला येतो. नियम लिहिलेला असेल तर फोनवर बोलायला माझ्याकडे काही तरी असतं.

*

मंदारच्या या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला. थर्मल कॅमेऱ्यावरची चर्चा सेन्सर, सॉफ्टवेअर, अंशाचे हजारांश यांच्यावर होते, आणि ती व्हायलाच हवी. पण पॅसिफिकवर तुटलेल्या त्या पात्याच्या बाबतीत सेन्सर कमी पडला नव्हता. भौतिकशास्त्रही कमी पडलं नव्हतं. केल्विनपासून टेलरपर्यंत सगळ्यांचं गणित त्या पात्यात बरोबर चाललं होतं. ठिपक्यापुढे बसलेल्या माणसाला ‘हे मला कळत नाही’ असं म्हणायला कुणी नीट शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की, या कॅमेऱ्याला ‘कुठे’ या प्रश्नासाठी मुख्य साक्षीदार मानावं. वेल्डिंगचा जोड, ओतकामातली पोकळी, पोकळ पात्याची आतली भिंत, थ्री-डी प्रिंटिंगने केलेल्या टायटॅनियमच्या भागातली छिद्रं, या सगळ्यांत तो डोळ्यांच्या आणि स्ट्रेन गेजच्या पुढे आहे. ‘किती दिवस’ या प्रश्नासाठी त्याची साक्ष जोडसाक्षच धरावी, कोऱ्या नमुन्यांची चाचणी सोबत असेल तरच. आणि प्रयोगशाळांना एक विनंती: अहवालात रंगीत चित्र छापता तेव्हा त्याखाली तापमानाची पट्टी, रंगाचा प्रकार, खोलीतला संदर्भ-नमुना आणि किती चित्रांची सरासरी घेतली हे लिहा, आणि मूळ फाइल जपून ठेवा. २०१० ची फाइल जपलेली होती म्हणूनच २०१८ मध्ये खरं काय ते कळलं.

डेन्व्हरच्या घटनेनंतर युनायटेडने अशी इंजिनं असलेली आपली सगळी ५२ बोइंग ७७७ जमिनीवर ठेवली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०२२ मध्ये जे आदेश काढले, त्यांत पात्यांची उष्णता-ध्वनी तपासणी पुन्हापुन्हा करणं बंधनकारक राहिलं आणि तिच्या जोडीला श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) लहरींनी होणारी स्वतंत्र तपासणीही बंधनकारक झाली. दोन्ही तपासण्या पार करून त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ती विमानं पुन्हा उडू लागली.